पोर्टफोलिओवरून मुलाचे शिकणे खरोखर जोखता येते का?

सत्तरीची शिक्षिका

नमस्कार. मी गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथीची मुले माझ्याकडे एकाच खोलीत बसतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रगतिपुस्तकाची जी नवी कल्पना मांडली आहे, तिच्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाने स्वतःचे आणि सवंगड्यांनी एकमेकांचे केलेले मूल्यमापन यावे असे म्हटले आहे, आणि प्रकल्प, गटकार्य, प्रश्नमंजूषा यांच्या जोडीला पोर्टफोलिओचाही, म्हणजे मुलाच्या निवडक कामांच्या संग्रहाचाही, स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे आता बहुतेक शाळांत प्रत्येक मुलाच्या नावाची फाईल असते.

माझी अडचण अशी की वर्षअखेरीस ही फाईल जाड होते, तिच्यात रंगवलेली चित्रे, कार्यपत्रिका आणि हस्तकला भरपूर असते, पण मुलाला काय येते आणि कुठे अडते हे ठरवताना मी शेवटी चाचणीच्या उत्तरपत्रिकेकडेच वळते. ज्या फाईलवरून पुढच्या आठवड्यात काय शिकवायचे हे मला ठरवता येत नाही, तिला मूल्यमापनाचे साधन म्हणणे मला पटत नाही. तिच्यात कोणती कामे ठेवावीत, ती कोणी निवडावीत आणि त्यांवर गुण द्यावेत का, याविषयी प्रत्यक्ष वर्गात काम करणाऱ्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

मांडवीतीर

ताई, फाईल तपासणीसाठी तयार होते, म्हणून तिच्यात दाखवण्याजोगेच काम जाते. भागशिक्षणाधिकारी येणार असे कळले की चुकलेली पाने काढून टाकणारे सहकारी मी पाहिले आहेत. शिकण्याची खूण ज्या पानांवर असते, नेमकी तीच पाने अशा वेळी बाहेर पडतात.

कुळागर

मी फोंडा तालुक्यात माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवतो. मांडवीतीर यांनी सांगितलेली गोष्ट उलट बाजूने सांगतो. आमच्याकडे चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुटीनंतर सातवीच्या मुलांना माटोळीतील, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या छतातील, वनस्पतींवर काम दिले जाते. पूर्वी त्याचा निकाल ठरलेला असे: दुकानातून आणलेली प्रिंटआऊट, त्यांवर चिकटवलेली छायाचित्रे आणि सगळ्यांच्या फायलींत शब्दशः तोच मजकूर. त्यावरून मूल वनस्पतींविषयी काय शिकले हे कोणालाही सांगता आले नसते.

आता आम्ही एकच अट घालतो. पहिले टिपण घरची माटोळी समोर असताना, स्वतःच्या हस्ताक्षरात आणि तारखेसह लिहायचे, आणि ते कितीही कच्चे असले तरी फाईलमध्ये ठेवायचे. एका मुलीच्या पहिल्या टिपणात घागऱ्यो (माटोळीत बांधतात त्या शेंगा) ‘हलवल्यावर वाजतात’ इतकेच होते. वर्गात शेंग उघडून पाहिल्यावर दुसऱ्या टिपणात तिने वाळलेल्या शेंगेत बिया सुट्या होतात म्हणून आवाज येतो असे लिहिले. तिसऱ्यात कांगल्यो (माटोळीतील रानफळे) वेलीवर येतात, आंबाडे झाडावर येतात, सुपारीला फांद्याच नसतात, असे वर्गीकरण तिने स्वतः सुरू केले. तिन्ही टिपणे शेजारी ठेवली की निरीक्षणापासून कारणापर्यंत आणि कारणापासून वर्गीकरणापर्यंत ती कशी गेली ते दिसते. केवळ तिसरे टिपण ठेवले असते तर ते हुशार मुलीचे नीटनेटके काम एवढेच ठरले असते.

पालक पर्वरी

पालक म्हणून एक गोष्ट नोंदवतो. प्रकल्प घरी पाठवला की तो आई-वडीलच करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या घरात संगणक आहे आणि आईला वेळ आहे, त्या घरातील मुलाची फाईल देखणी होते. ज्याचे आई-वडील सकाळी सातला कामावर जातात त्याची फाईल रिकामी राहते. मग पोर्टफोलिओ मुलाचे शिकणे मोजतो की घरची परिस्थिती? परीक्षेच्या खोलीत निदान सगळ्यांसमोर सारखाच कागद असतो. पोर्टफोलिओला माझा विरोध नाही, पण या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय त्याला गुण जोडू नयेत असे मला वाटते.

सत्तरीची शिक्षिका

पालक पर्वरी, तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. फाईलमध्ये जाणारे काम शाळेच्या वेळेत, माझ्यासमोर झालेलेच असावे, हा नियम मी मनाशी पक्का करत आहे. कुळागर सर, घरी लिहिलेल्या टिपणाला तुमच्या वर्गातील मुले कोणाची मदत घेतात का?

कुळागर

घेतात, आणि घ्यावी. आजीला नाव विचारून लिहिले तर ‘आजीने सांगितले’ एवढे दोन शब्द पुढे जोडायचे असतात. आमच्या मुलांच्या आजी-आजोबांना रानातील फळांची माहिती आमच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. मूल्यमापन मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या टिपणाचे होते, जी वर्गात लिहिली जातात.

निवृत्त मुख्याध्यापक, काणकोण

हा विषय नवा नाही हे तरुण शिक्षकांना ठाऊक असावे म्हणून लिहितो. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीच्या नोंदी शाळेने ठेवाव्यात असे सुचवले होते. तेव्हा आपला गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये पुन्हा तोच आग्रह धरला. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या २९व्या कलमात सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन आले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्ये नववी-दहावीसाठी ती पद्धत आणली आणि २०१७ मध्ये मागे घेतली. पुढे त्याच मंडळाने नववी-दहावीच्या अंतर्गत २० गुणांपैकी ५ गुण पोर्टफोलिओला दिले.

इतक्या वेळा आलेली ही कल्पना वर्गात का रुजली नाही याचे कारण माझ्या मते कामाच्या भारात आहे. शिक्षकाने मुलाचे निरीक्षण करावे ही अपेक्षा योग्य होती, पण ती रकान्यांच्या रूपाने आली. प्रत्येक मुलाचा प्रत्येक गुणविशेष प्रत्येक सत्रात नोंदवायचा म्हटल्यावर शिक्षक ठरावीक वाक्ये पाठ करतो आणि तीच सगळ्यांना लिहितो. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य मी कितीतरी प्रगतिपुस्तकांवर वाचले आहे, आणि त्यावरून एकाही मुलाची ओळख मला पटली नाही. म्हणून माझे मत असे की फाईल ठेवायची असेल तर इतर तीन नोंदवह्या कमी करा. तसे होणार नसेल तर उत्तम चाचणी नीट घेणे अधिक प्रामाणिक आहे.

अध्यापक विद्यालयातून

मुख्याध्यापक सरांच्या शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे, पण त्याआधीच्या सगळ्याशी सहमत आहे. मी भावी शिक्षकांना मूल्यमापन शिकवते. आपल्या चर्चेत दोन वेगळे हेतू एकत्र होत आहेत असे मला जाणवते. शिकणे चालू असताना ते सुधारण्यासाठी पाहणे हा एक हेतू आणि शेवटी त्याचा निकाल लावणे हा दुसरा. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये हा भेद मांडला. पोर्टफोलिओ पहिल्या कामासाठी फार चांगला आहे. दुसऱ्या कामाला तो जुंपला की अडचणी सुरू होतात.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्याचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे. १९९०च्या दशकाच्या आरंभी त्या राज्याने चौथी आणि आठवीच्या मुलांचे गणित व लेखन यांचे राज्यव्यापी मूल्यमापन पोर्टफोलिओवरून करायचे ठरवले. १९९२ च्या निकालांचा रँड या संशोधनसंस्थेने अभ्यास केला, तेव्हा एकाच फाईलला दोन परीक्षकांनी दिलेल्या गुणांत मेळ फारच कमी आढळला. पुढच्या वर्षी गणितात तो सुधारला, लेखनात मात्र फारसा नाही. प्रत्येक फाईलमध्ये वेगळे काम, त्यातील प्रश्नांची काठिण्यपातळी वेगळी, मिळालेली मदत वेगळी. अशा स्थितीत गुणांची तुलना कशी करणार? पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही होती: या निमित्ताने आपण गणितात उकल शोधण्याला आणि ती समजावून सांगण्याला अधिक वेळ देऊ लागलो, असे अनेक शिक्षकांनी सांगितले. निकालाचे साधन म्हणून जे डळमळीत ठरले, त्याने शिकवणे बदलले होते.

मांडवीतीर

मग गुण नकोतच, असे म्हणायचे का?

अध्यापक विद्यालयातून

प्राथमिक स्तरावर नकोत, असे माझे स्पष्ट मत आहे. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात काही मुलांना कामावर केवळ लेखी अभिप्राय दिला, काहींना केवळ गुण आणि काहींना दोन्ही. केवळ अभिप्राय मिळालेल्यांची पुढील कामगिरी आणि गोडी टिकली. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांना अभिप्रायाचा तसा लाभ झाला नाही. आपल्या वर्गातही हे रोज दिसते. वही हातात आली की मूल आकडा पाहते, शेजाऱ्याचा आकडा विचारते आणि वही मिटते. खाली आपण कष्टाने लिहिलेले वाक्य वाचलेच जात नाही.

गणिताचा तास

इथपर्यंत आपल्या वर्गातील उदाहरण विज्ञानाचे आले. गणितात फाईल कशाला, उत्तर बरोबर किंवा चूक, असे सहकारी मला नेहमी म्हणतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

३०४ मधून १७८ वजा करायचे आहेत. उत्तर १२६. एक मूल २७४ लिहिते. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: आठातून चार गेले, सातातून शून्य गेला, तिनातून एक गेला. त्याला हातचा घेणे ही कल्पनाच अजून पोहोचलेली नाही. दुसरे मूल १३६ लिहिते. त्याने शतकाकडून घेतले, एककाला दिले, पण मधल्या दशकाच्या घरात दहाचे नऊ करायचे राहिले. चाचणीत दोघांनाही शून्य. पण दुसरे मूल उत्तराच्या उंबरठ्यावर आहे, आणि पहिल्यासाठी मला सुट्या काड्या आणि दहाचे गठ्ठे घेऊन पुन्हा बसावे लागेल. दोघांना मिळून एकच ‘उपचारात्मक वर्ग’ घेतला तर दोघांचाही वेळ जातो.

आता समजा एकाच मुलाच्या फाईलमध्ये ऑगस्टमध्ये २७४, सप्टेंबरमध्ये तशाच दुसऱ्या उदाहरणात मधल्या शून्याची चूक, आणि ऑक्टोबरमध्ये बरोबर उत्तर, अशी तीन पाने आहेत. गुणांच्या भाषेत ते शून्य, शून्य, एक असे दिसेल, जणू ऑगस्ट ते सप्टेंबर काहीच घडले नाही. खरे शिकणे मात्र त्याच काळात झाले आहे. म्हणून मी फाईलमध्ये पानांची संख्या वाढवत नाही. एकाच जातीचे उदाहरण काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतो आणि तेवढीच पाने ठेवतो. त्यांच्या खाली मूल स्वतः एक वाक्य लिहिते: ‘आधी मी काय करत होतो आणि आता काय करतो.’ हे वाक्य ज्याला लिहिता येते त्याला ती क्रिया समजली आहे, यावर माझा चाचणीपेक्षा अधिक विश्वास आहे.

झुआरी

गणिताचा तास, तुमचा प्रतिसाद मी आमच्या शिक्षककक्षात वाचून दाखवला.

एक अडचण मात्र आहे. मी मुरगाव तालुक्यात शिकवते. माझ्या वर्गातील अनेक मुलांच्या घरी कन्नड किंवा हिंदी बोलतात, काहींच्या घरी कोंकणी, आणि शिकण्याची भाषा मराठी. ‘आधी मी काय करत होतो’ हे वाक्य लिहायला सांगितले तर ज्याला वजाबाकी येते पण मराठी वाक्य जमत नाही, असे मूल मागे पडलेले दिसते. आपण वजाबाकी जोखायला निघालो आणि भाषा जोखून परतलो, असे होऊ नये. त्यासाठी मी मुलाला तोंडी सांगू देते, हव्या त्या भाषेत, चित्र काढून किंवा काड्या मांडून, आणि ते काय म्हणाले ते त्याच्या पानाच्या मागे तारखेसह मी स्वतः लिहून ठेवते. कन्नड मला येत नाही. तेव्हा वर्गातील दुसरे मूल सांगते. सवंगड्यांचे मूल्यमापन म्हणतात त्याचा सर्वांत खरा प्रकार मी तिथे पाहिला आहे, कारण सांगणाऱ्या मुलाला आधी ते स्वतःला समजून घ्यावे लागते.

अबोली

एक व्यावहारिक बाब: पावसाळ्यात फायली कुठे ठेवता? आमच्या शाळेत भिंतीलगतच्या कपाटातील कागदाला जुलैमध्येच बुरशी येते आणि उरलेल्याला कसर लागते.

कुळागर

अबोली, कपाट भिंतीपासून सुटे ठेवा, फायली खालच्या खणात नकोत, आणि प्लास्टिकच्या बंद पिशव्यांत कागद ओला असताना घालू नका. त्यात ओल कोंडली जाते. मुख्य उपाय म्हणजे पाने कमी ठेवणे. सगळे स्कॅन करून संगणकावर ठेवावे असे सुचवणारेही भेटतील. माझा त्याला मर्यादित पाठिंबा आहे: तोंडी वाचन, प्रयोग, मातीकाम यांचे छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण ठेवायलाच हवे, कारण ते कागदावर येत नाही. पण मुलाला आपले जुने पान स्वतः उचलून नव्याशेजारी ठेवता आले पाहिजे, आणि शिक्षकाच्या मोबाईलमधील फोटो त्याच्या हाती कधीच येत नाही.

पालक पर्वरी

‘अध्यापक विद्यालयातून’ यांना विचारायचे आहे. गुण नसतील तर पालकसभेत मला काय सांगणार? माझ्या मुलीचा वर्गात कितवा क्रमांक आहे हे विचारायची सवय आम्हाला शाळांनीच लावली आहे, ती एका परिपत्रकाने जाणार नाही.

झुआरी

पालकसभेत मी बोलत नाही, मूल बोलते. एक जुने पान, एक नवे पान, आणि ‘यात मला अजून हे जमत नाही’ असे एक पान, एवढे ते आई किंवा वडिलांसमोर मांडते. पहिल्या वेळी बहुतेक पालक क्रमांकच विचारतात. नंतर मात्र एका आईने मला ‘हिला हातच्याची वजाबाकी कधी घेणार’ असे विचारले. ती स्वतः फारशी शिकलेली नाही, पण आपल्या मुलीचे नेमके कुठे अडते हे तिला समजले होते. क्रमांकातून तिला ते कधीच कळले नसते.

निवृत्त मुख्याध्यापक, काणकोण

झुआरीताईंचा हा अनुभव माझ्या आक्षेपाला उत्तर देणारा आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरीही भाराचा मुद्दा मी सोडणार नाही. पंधरा मुलांच्या वर्गात जे शक्य आहे ते चाळीस मुलांच्या वर्गात तसेच शक्य नाही. सरकारी प्राथमिक शाळांत पटसंख्या कमी असते, पण तिथे एका शिक्षकाकडे अनेक इयत्ता असतात. शहरातील अनुदानित शाळांत इयत्ता एक पण मुले पुष्कळ. दोन्हीकडे सारखाच नमुना लादला जाऊ नये.

अध्यापक विद्यालयातून

सर, मान्य. मोठ्या वर्गासाठी मी विद्यार्थी-शिक्षकांना असे सुचवते की रोज सगळ्या फायली उघडू नका; दिवसाला दोन-तीन मुलांशी त्यांच्या फाईलवर पाच मिनिटे बोला, म्हणजे चाळीस मुलांचा वर्गही साधारण तीन आठवड्यांत एकदा पूर्ण होतो. आणि वरच्या वर्गांत जिथे नियमाने गुण द्यावेच लागतात, तिथे निकष आधीच मुलांसमोर ठेवावेत आणि काही फायली दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासून मग एकत्र बसावे. दोघांचे गुण वेगळे आले तर भांडण होईल, पण ते उपयोगाचे भांडण असते: चांगले काम कशाला म्हणायचे हे त्यातून ठरते. सगळ्यांनाच ५ पैकी ५ देऊन मोकळे होण्यात मुलाचे कोणतेही हित नाही.

सत्तरीची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. नव्या सत्रापासून मी असे करणार आहे. प्रत्येक विषयाची मोजकी पाने ठेवीन, वर्गातच झालेली, तारखेसह, आणि त्यांत कच्चे पान असणे अनिवार्य राहील. काही पाने मी निवडीन, कारण मूल आपले अडलेले पान सहसा निवडत नाही; उरलेली मूल निवडेल आणि का निवडले ते लिहील किंवा सांगेल. गुण देणार नाही. चाचणी घेईन, पण तिची उत्तरपत्रिकाही याच फाईलमध्ये इतर पानांशेजारी ठेवीन, म्हणजे दोन्हींत विसंगती दिसली तर ती शोधता येईल.

एक प्रश्न राहतो. माझी चौथीची मुले पुढच्या वर्षी पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत, बहुतेक इंग्रजी माध्यमात जातील. तिथले शिक्षक ही मराठी फाईल वाचतील का?

कुळागर

मी पाचवीलाही काही तास घेतो, म्हणून सांगू शकतो. पूर्ण फाईल पाठवलीत तर ती कार्यालयात राहील. प्रत्येक मुलामागे चारच पाने पाठवा: गणिताचे एक, परिसर अभ्यासाचे एक, स्वतंत्र लेखनाचे एक, आणि तुमच्या हातचे अर्धे पान, ज्यात मुलाला काय येते आणि सध्या कुठे अडते एवढेच असेल. मराठी माध्यमातून आलेली मुले पाचवीत पहिले काही महिने गप्प बसतात, आणि त्यांना काही येत नाही असा समज होतो. मुलाने मराठीत लिहिलेले बाष्पीभवनाचे स्पष्टीकरण माझ्या हाती असेल, तर त्याला केवळ इंग्रजी शब्द द्यायचे आहेत, संकल्पना त्याच्याकडे आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळेल. पाने मुख्याध्यापकांच्या नावे न पाठवता वर्गशिक्षकांच्या हाती द्या, आणि शक्य झाले तर त्यांच्याशी फोनवर बोला.

अबोली

कुळागर सर, ही चार पाने मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबरच दिली तर? तो तरी कोणी हरवत नाही.

कुळागर

दाखल्याच्या पाकिटातच घाला, आणि एक प्रत शाळेत ठेवा.